आकाश उजळ, चेहरा काळा
फिल्म कॅमेऱ्यातील पार्शल मीटरिंग आणि फोकस बिंदू यांचा नेमका संबंध काय?

पाताळगंगेच्या काठावर उभ्या असलेल्या कुटुंबाचे एखादे छायाचित्र मोहोपाडा-रसायनी परिसरातील जुन्या घरांच्या अल्बममध्ये हमखास सापडते. मागे नदीचे चमकणारे पाणी, त्यापलीकडे डोंगराची रांग, वर स्वच्छ आकाश. सारे काही नीट उमटलेले असते. फक्त ज्यांच्यासाठी छायाचित्र काढले, त्या माणसांचे चेहरे काळे पडलेले असतात. मधोमध उभ्या असलेल्या आजीला ओळखायचे ते तिच्या लुगड्यावरून आणि तिच्या कडेवरच्या मुलाला ओळखायचे ते घरातल्या कोणीतरी सांगितल्यावरून. पुढे आजी राहत नाही, आणि तिचे एकमेव रंगीत छायाचित्र म्हणून घरात हेच राहते.

अशा वेळी दोष कधी कॅमेऱ्याला दिला जातो, कधी जुन्या रोलला, तर कधी रोल धुणाऱ्या स्टुडिओला. बहुतेक वेळा यांपैकी कोणाचाही दोष नसतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाने त्याला दिसलेल्या दृश्याचे माप बरोबर काढलेले असते. त्या दृश्यात महत्त्वाचे काय आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे एक साधन म्हणजे पार्शल मीटरिंग आणि दुसरे म्हणजे फोकस बिंदूची निवड. ही दोन्ही साधने एकच आहेत, किंवा एक वापरले की दुसरे आपोआप साधते, असा समज फिल्म कॅमेरा वापरणाऱ्यांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. चेहरा काळा पडण्याचे किंवा अकारण पांढुरका होण्याचे एक मोठे कारण या समजातच दडलेले आहे.

हा विषय केवळ जुन्या आठवणींचा राहिलेला नाही. २०१८ साली कॅननने आपल्या अखेरच्या फिल्म एसएलआर कॅमेऱ्याची विक्री थांबवली, २०२० मध्ये निकॉनने एफ-६चे उत्पादन बंद केले. तरीही कपाटात पडून असलेले कॅमेरे बाहेर काढून त्यांत पुन्हा रोल भरणाऱ्या तरुणांची संख्या कमी नाही. मुंबईच्या फोर्ट भागात जुने कॅमेरे शोधत फिरणारे हौशी आजही दिसतात. मात्र आता रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग यांचा खर्च मिळून हजार रुपयांच्या पुढे सहज जातो. रोलमध्ये चौकटी अवघ्या ३६ आणि निकाल हाती येतो तो काही दिवसांनी. म्हणूनच कळ दाबण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या आत काय चालते, हे माहीत असणे आवश्यक ठरते.

मीटरला काय दिसते?

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या आद्य छायाचित्रकारांकडे प्रकाशमापक नव्हता. आकाशाचा रंग, दिवसाची वेळ आणि अनुभव यांवरून ते अंदाज बांधत. विसाव्या शतकात हातात धरायचे मापक आले आणि १९६० च्या दशकात भिंगातून आत येणारा प्रकाश मोजणारा मापक कॅमेऱ्यातच बसवला गेला. सोय वाढली, पण मापकाचे मूळ गृहीतक बदलले नाही.

हे गृहीतक असे की, समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे; म्हणजे त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश ते परत फेकते. हिरवळ, विटांची भिंत, झाडाचे खोड, मातीचा रस्ता अशा मिश्र दृश्यांत हे गृहीतक बहुतांशी खरे ठरते. परंतु चौकटीचा दोन तृतीयांश भाग उजळ आकाशाने किंवा चकाकत्या पाण्याने व्यापला असेल, तर मापक त्या उजेडालाच करडा करायला निघतो. तो प्रकाश कमी करतो आणि त्या कपातीची शिक्षा चेहऱ्याला होते. उलट, काळोख्या मांडवात मोठा भाग अंधाराचा असेल, तर मापक अंधाराला करडा करण्यासाठी प्रकाश वाढवतो आणि दिव्याखाली बसलेल्या नवरीचा चेहरा पांढराफटक होतो.

मोहोपाड्याच्या परिसरात पहिला प्रकार वारंवार घडण्यास तिथली भौगोलिक रचनाही कारण आहे. पूर्वेकडे इर्शाळगड आणि माथेरानचा डोंगर, उत्तरेला प्रबळगड, पश्चिमेच्या अंगाला कर्नाळ्याचा सुळका, दक्षिणेला माणिकगड. सहलीचे छायाचित्र म्हटले की यांपैकी एखादा डोंगर मागे हवाच. सकाळी इर्शाळगड मागे घेतला किंवा संध्याकाळी कर्नाळा मागे घेतला, की सूर्य माणसांच्या पाठीशी जातो. त्यातच खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी मिळत असल्याने पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती असते. म्हणजे चकाकणारे पाणी बारा महिने हजर.

अशा ठिकाणी फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहता येईल. कॅमेऱ्यात आयएसओ २०० चा रोल आहे आणि अ‍ॅपर्चर एफ/८ वर ठेवले आहे, असे समजू. पाणी आणि आकाश यांनी भरलेल्या चौकटीचे सरासरी माप शटरसाठी १/१००० सेकंद येईल. सूर्य पाठीशी असल्यामुळे सावलीत गेलेल्या चेहऱ्याचे स्वतंत्र माप घेतले, तर ते १/१२५ सेकंदाच्या आसपास भरेल. हा तीन स्टॉपचा फरक झाला. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. म्हणून तीन स्टॉप म्हणजे आठपट. सरासरी मापावर विसंबले, तर चेहऱ्याला हवा त्याच्या एक अष्टमांश प्रकाश मिळतो.

चौकटीचा एक तुकडा

यावर उपाय म्हणून मापकाला संपूर्ण चौकट न दाखवता तिचा मोजका भाग दाखवण्याची कल्पना पुढे आली. कॅननच्या १९६५ च्या पेलिक्स आणि १९६६ च्या एफटी या कॅमेऱ्यांत मध्यभागाचा सुमारे १२ टक्के भाग मोजला जाई. हेच पार्शल मीटरिंग. त्याच काळातील अनेक कॅमेरे मात्र पूर्ण चौकटीची सरासरी काढत. १९७६ पासून १९९७ पर्यंत तयार होत राहिलेला आणि विद्यार्थ्यांचा आवडता असलेला पेंटॅक्स के-१००० हा शेवटपर्यंत सरासरीवालाच राहिला. निकॉन एफएम-२ सारख्या कॅमेऱ्यांनी मधला मार्ग काढला. त्यांत मधल्या वर्तुळाला ६० टक्के आणि उरलेल्या चौकटीला ४० टक्के वजन दिले जाते. याला मध्यभारित मापन म्हणता येईल.

१९८३ मध्ये निकॉन एफए या कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग करून त्यांच्या मापांची तुलना करणारी पद्धत आणली. कॅननने १९८७ च्या ईओएस ६५० मध्ये सहा भागांचे मूल्यमापन आणि त्याच्या जोडीला साडेसहा टक्क्यांचे पार्शल मापन दिले. १९९९ च्या ईओएस ३०० मध्ये भागांची संख्या ३५ वर गेली, तर पार्शल मापनाचे क्षेत्र सुमारे साडेनऊ टक्के झाले. अनेक घरांतील कपाटांत आज सापडतो तो बहुधा याच पिढीतील कॅमेरा असतो.

पार्शल आणि स्पॉट यांत फरक आहे तो आकाराचा. स्पॉट मापनात चौकटीचा एक ते तीन-साडेतीन टक्के एवढाच भाग मोजला जातो. ते अधिक अचूक, पण अधिक निसरडे. वर्तुळ भुवईवर पडले की एक माप आणि गालावर पडले की दुसरे. पार्शलचे वर्तुळ मोठे असल्याने एवढा चढउतार होत नाही. चेहऱ्यासारख्या विषयाला ते सोयीचे आहे, मात्र एका अटीवर : चेहरा त्या वर्तुळात भरला पाहिजे.

वर्तुळात चेहरा मावतो कधी?

ही अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. तिचा साडेनऊ टक्के भाग म्हणजे साधारण १० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. माणसाचा चेहरा २० सेंटिमीटर धरला, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समधून तो हे वर्तुळ भरतो केवळ एक मीटर अंतरावरून. शंभर मिलिमीटरच्या लेन्समधून दोन मीटरवरून आणि दोनशे मिलिमीटरच्या लेन्समधून चार मीटरवरून.

नदीकाठी कुटुंबाचे छायाचित्र घेणारा माणूस सहसा तीन-चार मीटर मागे उभा असतो. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून तीन मीटरवरचा चेहरा फिल्मवर जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा पडतो. मग १० मिलिमीटरच्या वर्तुळात उरलेली जागा कोण व्यापते? आकाश, पाणी आणि कपडे. कॅमेरा पार्शलवर ठेवूनही चेहरा काळा आला, अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

उपाय साधा आहे. मापन करताना जवळ जावे, चेहऱ्याने वर्तुळ भरू द्यावे, माप घ्यावे आणि ते कायम ठेवून मागे येऊन छायाचित्र काढावे. जवळ जाताना छायाचित्रकाराची सावली चेहऱ्यावर पडणार नाही, एवढी काळजी घ्यावी. मॅन्युअल पद्धतीत शटर आणि अ‍ॅपर्चर एकदा लावले की ते आपोआप बदलत नाही, त्यामुळे या कामी ती सर्वांत निर्धोक. के-१००० किंवा एफएम-२ वापरणाऱ्यांकडे पार्शलची सोय नसली, तरी जवळ जाऊन चेहऱ्याने जवळपास संपूर्ण चौकट भरली, की त्यांचा सरासरी मापकही पार्शलचेच काम करतो.

फोकस बिंदू वेगळा प्रश्न विचारतो

प्रकाशमापक विचारतो, प्रकाश किती घ्यायचा? फोकस बिंदू विचारतो, स्पष्ट कोठे असायचे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर अनेकदा ‘चेहरा’ हेच असते. त्यामुळे ते एकच आहेत असे वाटू लागते.

स्वयंचलित फोकस असलेले एसएलआर कॅमेरे १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाले. सुरुवातीला फोकसची जागा मध्यभागी एकच असे. पुढे ती वाढत गेली. १९९० च्या ईओएस १० मध्ये तीन, १९९२ च्या ईओएस ५ मध्ये पाच आणि १९९८ च्या ईओएस ३ मध्ये ४५ बिंदू आले. ईओएस ३०० मध्ये सात बिंदू आहेत. पाच आडव्या ओळीत आणि मधल्या बिंदूच्या वर-खाली एकेक, अशी त्यांची अधिक चिन्हासारखी रचना आहे.

निवड कॅमेऱ्यावर सोपवली, तर तो बहुधा सर्वांत जवळच्या वस्तूला पसंती देतो. लग्नात नवरा-नवरीच्या पुढे समई असेल, तर समईची ज्योत स्पष्ट आणि जोडपे धूसर, असा प्रकार त्यातूनच घडतो. म्हणून माणसांची छायाचित्रे घेताना बिंदू स्वतः निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. एक डोळा जवळ आणि दुसरा लांब असेल, तर जवळचा निवडावा.

सर्व बिंदू सारखे समर्थही नसतात. स्वयंचलित फोकसला कडा लागतात, म्हणजे उजेड आणि अंधार यांची स्पष्ट सीमा. कडेचे बिंदू बहुधा एकाच दिशेच्या रेषा ओळखतात; मधला बिंदू आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखणारा असतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यातील दाट झाडीत किंवा पावसाळ्यात ढगांनी वेढलेल्या प्रबळगडापुढे कडेचा बिंदू चाचपडू लागला, तर मधल्या बिंदूकडे परतावे आणि तो कातळ व धुके यांच्या सीमेवर ठेवावा. तेही साधले नाही, तर लेन्स मॅन्युअलवर घेऊन हाताने फोकस करावा.

गल्लत होते ती येथे

आता मूळ मुद्द्याकडे येता येईल. फोकस बिंदू बदलला, म्हणजे पार्शल मापनाचे वर्तुळही त्याच्याबरोबर सरकते का? ईओएस मालिकेतील सर्वसामान्य आणि मध्यम श्रेणीच्या फिल्म कॅमेऱ्यांपुरते याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यांतील बहुभागी मूल्यमापन निवडलेल्या बिंदूला अधिक महत्त्व देते. पार्शलचे वर्तुळ मात्र मध्यभागीच राहते.

याचा परिणाम उभ्या चौकटीत स्पष्ट दिसतो. आपटा हे पनवेल-रोहा मार्गावरचे, रसायनीनंतरचे स्थानक. अनेक चित्रपटांमुळे ते प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले आहे. तेथे गाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे अर्धे छायाचित्र घ्यायचे आहे, असे समजू. कॅमेरा उभा धरला की पाच बिंदूंची आडवी ओळ उभी होते. वरचा बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवला, फोकस अचूक झाला. परंतु पार्शलचे वर्तुळ आहे चौकटीच्या मधोमध, म्हणजे छातीवर. त्या माणसाने पांढरा सदरा घातला असेल, तर मापक सदऱ्याला करडा करील आणि चेहरा काळवंडेल. काळा कोट असेल, तर कोटाला करडा करण्याच्या नादात चेहरा धुऊन निघेल. छायाचित्रात डोळे अगदी स्पष्ट असतील; फक्त चेहऱ्याचा वर्ण त्या माणसाचा नसेल.

लग्नसमारंभात हीच चूक दिवसभर होत राहते. नवरा पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या पोशाखात आणि नवरी गडद शालूत. एकाच जागी, एकाच प्रकाशात उभ्या असलेल्या दोघांची वेगवेगळी छायाचित्रे घेतली, की एकाचा चेहरा सावळा आणि दुसरीचा फिकट दिसतो. मांडवातला प्रकाश तोच असतो. बदललेले असते ते वर्तुळाखालचे कापड.

सर्वच कॅमेरे असे वागत नाहीत. निकॉनच्या २००० च्या एफ-८० मध्ये पाच फोकस क्षेत्रे आहेत आणि बिंदू स्वतः निवडलेला असेल, तर त्याचे स्पॉट मापन त्या बिंदूबरोबर सरकते. कॅननच्या ईओएस ३ मध्येही स्पॉट मापन फोकस बिंदूशी जोडता येते. त्यामुळे हाती आलेला जुना कॅमेरा कोणत्या प्रकारचा आहे, हे पहिला रोल भरण्यापूर्वीच त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. पुस्तिका नसेल, तर रोल न भरताही परीक्षा घेता येते. बिनसावलीच्या भिंतीसमोर एक काळे कापड टांगावे, कडेचा बिंदू निवडून तो कापडावर ठेवावा आणि मग मधला भाग कापडावर न्यावा. शटरचा आकडा कोणत्या वेळी बदलतो, ते पाहिले की मापनाचे वर्तुळ कोठे आहे, याचा उलगडा होतो.

अर्धी दाबलेली कळ आणि तारेची खूण

दुसरी गल्लत कळीच्या बाबतीत होते. शटरची कळ अर्धी दाबली की फोकस कायम होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. प्रकाशाचे माप त्याबरोबर कायम होते का, हे मात्र मापनपद्धतीवर अवलंबून असते.

ईओएस कॅमेऱ्यांत एकदाच होणारा फोकस आणि बहुभागी मूल्यमापन अशी जोडी असेल, तर अर्ध्या कळीबरोबर दोन्ही कायम होतात. पार्शल मापनात तसे होत नाही. तेथे फोकस कायम होतो, पण प्रकाश मोजणे कळ पूर्ण दाबेपर्यंत चालूच राहते. छायाचित्रकार चेहरा मधोमध आणतो, कळ अर्धी दाबतो, मग चौकट सुंदर दिसावी म्हणून कॅमेरा थोडा वळवतो. तेवढ्यात वर्तुळ चेहऱ्यावरून आकाशावर गेलेले असते आणि कॅमेरा आकाशाचे माप वापरून मोकळा होतो.

यासाठीच कॅमेऱ्याच्या पाठीमागे, उजव्या अंगठ्याखाली तारेची खूण असलेले बटण दिलेले असते. ते दाबले की त्या क्षणाचे माप काही सेकंद गोठवले जाते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तारा उमटतो. ईओएस ३०० मध्ये पार्शल मापनासाठी वेगळा खटका नाही. हेच बटण दाबल्यावर ते लागू होते. ईओएस ५० मध्ये मापनपद्धत वेगळी निवडता येते, पण माप कायम ठेवण्यासाठी बटण तेच. निकॉनच्या कॅमेऱ्यांतही अशाच कामाचे बटण अंगठ्याजवळ असते.

यावरून योग्य क्रम ठरतो. प्रथम चेहऱ्याने मधले वर्तुळ भरावे आणि तारेचे बटण दाबावे. नंतर निवडलेला फोकस बिंदू डोळ्यावर ठेवून कळ अर्धी दाबावी. चौकट पाहावी, तारा अजून दिसतो आहे याची खात्री करावी आणि कळ पूर्ण दाबावी. वाचताना हा क्रम लांबलचक वाटतो. दोन-तीन रोलनंतर तो अंगठा आणि तर्जनी यांच्या सवयीचा होतो.

मधल्या बिंदूनेच फोकस करून कॅमेरा वळवण्याची पद्धतही प्रचलित आहे. लांबच्या विषयांसाठी ती चालते, जवळच्या विषयांसाठी घात करते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर उघडी ठेवून एक मीटरवरच्या डोळ्यावर फोकस केला आणि कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर स्पष्टतेचे प्रतल सुमारे साडेतीन सेंटिमीटर मागे सरकते. त्या अंतरावर स्पष्टतेची एकूण खोली असते जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणजे पुढे-मागे दोन-दोन. परिणामी डोळे मऊ आणि कान स्पष्ट. तीन मीटरवर ही चूक दहा सेंटिमीटरची होते, पण खोली त्याच्या जवळपास चौपट असल्याने ती खपून जाते. म्हणून जवळच्या चेहऱ्यासाठी डोळ्यालगतचा बिंदू निवडणेच श्रेयस्कर.

मोजलेले माप जसेच्या तसे घ्यावे का?

वर्तुळात चेहरा बरोबर भरला, तरी मापक त्याला करडाच समजतो. येथे छायाचित्रकाराची नजर कामाला येते. गोऱ्या वर्णाचा चेहरा मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. त्याच्या मापावर एक स्टॉप वाढवावा लागतो. सावळा वर्ण मध्यम करड्याच्या जवळ असल्यामुळे त्याचे माप बहुधा तसेच चालते. जुन्या परदेशी पुस्तकांतून ‘चेहरा मोजा आणि एक स्टॉप वाढवा’ असा सरसकट सल्ला आढळतो. तो गोरा चेहरा डोळ्यासमोर ठेवून दिलेला असल्याने आपल्याकडे प्रत्येकाला लागू पडत नाही.

वर्णाचा अंदाज येत नसेल, तर तळहाताचा आधार घ्यावा. तळहाताचा उजळपणा माणसागणिक फारसा बदलत नाही आणि तो करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो. ज्या प्रकाशात चेहरा आहे, त्याच प्रकाशात तळहात धरून माप घ्यावे आणि एक स्टॉप वाढवावा. हा उपाय बिनखर्चाचा असून जमावात कोणाच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेण्याचा संकोचही वाचतो.

हेच तत्त्व निसर्गालाही लागू आहे. पावसाळ्यात इर्शाळगडाभोवतीचे पांढरे धुके मोजले, तर एक ते दीड स्टॉप वाढवावा, नाहीतर धुके धुरासारखे मळकट दिसते. उलट, काळ्याभोर भृंगराजाने वर्तुळ भरले असेल, तर एक ते दीड स्टॉप कमी करावा, नाहीतर पक्षी राखाडी आणि पाने फिकट होतात.

फिल्मचा स्वभाव

शेवटचा निर्णय कॅमेऱ्यात भरलेल्या फिल्मवर अवलंबून असतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बऱ्यापैकी पचवते, अगदी दोन स्टॉपपर्यंत. कमी प्रकाश मात्र ती एका स्टॉपपलीकडे सहन करीत नाही. याचे कारण रासायनिक आहे. प्रकाश पोहोचलाच नाही, तर फिल्मवरील चांदीच्या क्षारांत बदल होत नाही, आणि निगेटिव्हवर जे उमटलेच नाही, ते कोणताही स्टुडिओ प्रिंटवर आणू शकत नाही. प्रिंट काढताना उजळवण्याचा प्रयत्न केला, तर हाती लागतो तो खरखरीत, मातकट करडेपणा. म्हणून निगेटिव्हसाठी नियम एकच : शंका असेल तेव्हा प्रकाश वाढवावा.

स्लाइड फिल्मचे याच्या उलट आहे. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही जाणवते आणि जास्त प्रकाशात उजळ भाग कायमचे पुसले जातात. तेथे माप महत्त्वाच्या उजळ भागावरून घ्यावे आणि गडद भाग काहीसे काळोखात जाऊ द्यावेत. पाठीमागून प्रकाश असलेल्या चेहऱ्यासाठी स्लाइड वापरायची झाल्यास, केवळ मापन पुरेसे होत नाही. फ्लॅशचा हलका प्रकाश किंवा पांढऱ्या कापडाचे परावर्तन चेहऱ्यावर टाकून तीन स्टॉपची दरी कमी करावी लागते.

निगेटिव्हवर चेहऱ्याचे माप घेतले, की मागचे आकाश पांढुरके होणार, हेही आधीच स्वीकारले पाहिजे. आकाश आणि चेहरा दोन्ही तेवढेच उत्तम मिळतील, असे आश्वासन कोणतीही मापनपद्धत देऊ शकत नाही. पार्शल मीटरिंग फक्त निवड करण्याची संधी देते.

एक रोल स्वतःसाठी

हे सारे वाचून कळते, पण हाताला कळण्यासाठी एक रोल खर्ची घालावा लागतो. घरातल्या एखाद्या माणसाला सकाळी नदीच्या काठावर, पाठीशी पाणी येईल असे उभे करावे. पहिली चौकट सरासरी किंवा बहुभागी मापनाने, दुसरी दुरूनच पार्शलवर, तिसरी जवळ जाऊन माप गोठवून आणि चौथी त्यावर एक स्टॉप वाढवून घ्यावी. प्रत्येक चौकटीचे शटर, अ‍ॅपर्चर, फोकस बिंदू आणि वर्तुळाखाली काय होते, ते वहीत लिहून ठेवावे. वही महत्त्वाची, कारण फिल्म स्वतःची नोंद ठेवत नाही. स्टुडिओला प्रिंट किंवा स्कॅन आपोआप उजळवू नका असे आवर्जून सांगावे आणि शक्य तर निगेटिव्हच उजेडासमोर धरून पाहावी. ज्या चौकटीत चेहऱ्याची जागा निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक आहे, तेथे प्रकाश पोहोचलाच नव्हता, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

आजचे मोबाइल कॅमेरे चेहरा शोधून काढतात आणि त्यानुसार फोकस व प्रकाश दोन्ही ठरवतात. फिल्म कॅमेऱ्याला चेहरा म्हणजे काय, हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी आजी, पाणी आणि आकाश हे सारखेच उजेडाचे तुकडे असतात. त्यांपैकी आजीचा तुकडा मोलाचा आहे, हे त्याला दोनदा सांगावे लागते : एकदा फोकस बिंदूने आणि एकदा मापनाच्या वर्तुळाने. एकदाच सांगितले, तर आजीच्या लुगड्याचे काठ तेवढे ओळखू येतात.